मेण जातं, पितळ येतं : ढोकरा कामाविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत ढोकरा मूर्तींविषयीच्या शंका सर्वांत जास्त होत्या. ज्यांनी हे काम जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी दोन ओळी : मातीच्या गाभ्यावर मेणाची मूर्ती घडवायची, तिला मातीचे लेप द्यायचे, भाजून मेण काढून टाकायचे आणि मेणाच्या रिकाम्या जागेत वितळलेले पितळ सोडायचे. बस्तरमध्ये कोंडागाव आणि आसपासची घडवा कुटुंबे हे काम करतात. बंगालमध्ये बांकुड्याजवळचे बिकना आणि बर्धमानकडचे दरियापूर, तर आपल्या चंद्रपूर-यवतमाळला लागून असलेल्या आदिलाबादेत ओझा कारागीर यासाठी ओळखले जातात.

प्रश्न : कोंडागावच्या एकाच कारागिराकडून हत्तींची जोडी घेतली. एकाची सोंड जाड, दुसऱ्याची बारीक. झुलीवरची नक्षीही वेगळी. बदलून मागावे का? आणि खरे हातकाम कसे ओळखावे?
– एक वाचक, पुणे

बदलून मागू नका. पितळ बाहेर काढताना साचा फोडावाच लागतो. म्हणजे दुसऱ्या हत्तीसाठी गाभा, मेण, लेप सगळे पहिल्यापासून. उलट दोन्ही हत्ती तंतोतंत सारखे निघाले असते तर शंका घ्यायला जागा होती.

आता ओळखीचे. नक्षीच्या रेषांकडे भिंगातून पाहा. ढोकऱ्यातली रेष म्हणजे मेणाचा दोरा. तो कुठे सुरू झाला, कुठे संपला, कुठे एकावर एक चढला हे पितळातही दिसते. दुकानातल्या दोन मूर्तींवर तोच खळगा त्याच जागी असेल, तर ते मेण रबरी साच्यातून काढलेले आहे. धातू खरा असला तरी दोरा हाताने वळलेला नाही. अंगावरून सरळ उभी शिवण गेली असेल तर साचा दोन भागांचा होता. पोकळ मूर्तीच्या तळाशी भाजलेली माती दिसली तर ती चांगली खूण माना. निव्वळ वजनावर मात्र जाऊ नका. आत माती असल्यामुळे हातात घेऊन पितळ किती याचा अंदाज हमखास चुकतो, आणि किलोवर भाव सांगणारे विक्रेते नेमका याचाच फायदा घेतात.

प्रश्न : महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी चार इंची पक्षी ओतला. माती-शेणाचा गाभा, वर मेणाचा एक मिलिमीटरचा थर. मेण 30 ग्रॅम, पितळेची मोड 300 ग्रॅम. लेप दोन दिवस वाळवले. चोच आणि पंखाचे टोक भरलेच नाही, पाठीवर टाचणीच्या टोकाएवढी भोके पडली आणि छातीजवळ पितळ नसून आतली मातीच दिसते. पितळ नीट वितळले नसेल का?
– शिल्पकलेची विद्यार्थिनी, नागपूर

पितळाला दोष देण्याआधी माती आणि मेण तपासा. तुमच्या पक्ष्यात तीन वेगवेगळे दोष आहेत आणि त्यांतले बहुतेक भट्टी पेटण्याआधीच ठरून गेले होते.

आधी हिशेब. पितळ मेणाच्या सुमारे नऊपट जड. 30 ग्रॅम मेणाला 270 ग्रॅम पितळ लागते म्हणून 300 पुरेल असे वाटते, पण धातू आत नेणारी नाळ आणि तिच्यावरचा पेला यांचे मेण तुम्ही धरलेले दिसत नाही. ते 10 ग्रॅम धरले तरी एकूण 40, म्हणजे 360 ग्रॅम पितळ. वितळताना वर येणारी मळी आणि मुशीला, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्याला, चिकटणारे धरून त्यावर सहावा हिस्सा आणखी : 420. तुमचे पितळ मुळातच कमी होते. बाराव्या शतकातला चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथातही मूर्तीचे मेण आधी तोलून मग धातू घ्यायला सांगितले आहे, इतकी ही पायरी जुनी आहे.

दुसरे म्हणजे थर. एक मिलिमीटरच्या फटीत शिरलेले पितळ टोकापर्यंत पोचण्याआधीच गोठते. नवशिक्याने दोन ते अडीच मिलिमीटर ठेवावे. कारागीर पातळ ओततात, कारण त्यांचा साचा ओतताना लाल तापलेला असतो. बस्तरची एक जुनी पद्धत या बाबतीत फार हुशारीची आहे : पितळेचे तुकडे मातीच्या मुशीत भरून ती मूस साच्याच्या तोंडालाच जोडतात आणि वरून मातीने बंद करतात. मूस खाली ठेवून सगळे भट्टीत जाते. ज्वाळेत हिरवट झाक दिसू लागली की पितळ वितळल्याचा अंदाज घेतात आणि साचा उलटा करतात. धातू आणि साचा एकाच उष्णतेत असल्यामुळे वाटेत गोठण्याचा प्रश्नच येत नाही. तुम्ही वेगळ्या मुशीतून ओतणार असाल तर साचा भट्टीतून काढल्यावर एक-दोन मिनिटांत ओतून मोकळे व्हा. पितळ साधारण 900 ते 940 अंश सेल्सिअसला वितळते, ओतताना ते हजाराच्या पुढे हवे. फार वेळ तापत ठेवले तर त्यातले जस्त पांढऱ्या धुराने उडून जाते.

पाठीवरची भोके वाफेची किंवा राहिलेल्या मेणाची. दोन दिवस पुरेसे नाहीत. पहिला लेप वस्त्रगाळ माती, कोळशाची बारीक पूड आणि शेणाचे पाणी यांचा, सायीइतका पातळ, ब्रशने. दोऱ्यांच्या खाचांत हवेचा बुडबुडा राहिला तर तिथे पितळेची पुळी उठते. तो सावलीत पूर्ण वाळला की दुसरा, मग तिसरा. त्यानंतर वारुळाची माती आणि भाताचे तूस यांचा जाड लेप, एवढ्या पक्ष्याला एकूण दीड-दोन सेंटिमीटर. तूस भाजताना जळते आणि मातीत बारीक छिद्रे सोडते. ओततानाची हवा तिथूनच बाहेर पडते. गाभ्यातही तूस हवे. तुमच्या गाभ्यात ते नव्हते, म्हणून वायूला मेणाच्या जागेशिवाय दुसरी वाट उरली नाही. उन्हात वाळवण्याची घाई नको. मधमाश्यांचे मेण 62 ते 64 अंशांना वितळत असले तरी त्याच्या बरेच आधी मऊ पडते, फुगते आणि लेपाला तडे देते. तड्यात शिरलेले पितळ पुढे पात्यासारखे बाहेर येते आणि कानस चालवून हात दुखतात.

मेण काढताना साच्याचे तोंड खाली आणि उष्णता तोंडाकडून सुरू. तोंडाजवळचे मेण आधी वाहून गेले की आतल्याला फुगायला जागा मिळते. नंतर साचा लाल होईपर्यंत भाजा. तोंडाशी काजळी दिसते आहे तोवर आत मेण शिल्लक आहे असे समजा.

छातीजवळचे भोक म्हणजे गाभा सरकला. मेण गेल्यावर गाभ्याला धरणारे काहीच उरत नाही. तुमचा पक्षी सगळीकडून बंद होता. मूर्तीचा तळ उघडा ठेवला तर गाभा आणि बाहेरची माती तिथे एकमेकांना जोडली जातात. जाळीच्या मूर्तीत हे काम जाळीची भोकेच करतात. बंद आकारासाठी दीड-दोन मिलिमीटर जाडीचे लोखंडी खिळे मेणातून गाभ्यात एक सेंटिमीटर रुतवा, तेवढेच बाहेर ठेवा म्हणजे ते लेपात अडकतील. वेगवेगळ्या दिशांनी चार तरी हवेत. ओतल्यावर काढून भोके पितळेच्या तारेने ठोकून बुजवता येतात.

चोचीसाठी एक वेगळी सूचना : ओतण्यासाठी साचा वाळूत पुरताना चोच सर्वांत वर येऊ देऊ नका. आली तर तिच्या टोकापासून मेणाची बारीक काडी बाहेर काढा, हवा तिथून निघेल.

सुरक्षेची बाब मात्र कडक. दमट साच्यात पितळ पडले तर पाण्याची क्षणात वाफ होऊन धातू अंगावर उडतो. काँक्रीटच्या फरशीवर ओतू नका, सांडलेल्या धातूने फरशीचे तुकडे उडतात. कोरड्या वाळूचा खड्डा करा. जाड सुती कपडे, चामड्याचे बंद बूट, चष्मा, आणि जागा उघडी. जस्ताच्या धुराने काही तासांनी थंडी-ताप भरतो.

प्रश्न : मेणाचा दोरा वळताना तुटतो. गाभ्यावर चिकटतही नाही.
– एक वाचक, सावंतवाडी

मेणात राळ जास्त झाली की दोरा तुटतो, कमी झाली की लुळा पडतो. तीन भाग मेण, एक भाग राळ इथून सुरुवात करा. मंद आचेवर वितळवून फडक्यातून गाळा, कचऱ्याचा एक कणही दोरा तोडतो. थंडीत थोडे गोडेतेल, उन्हाळ्यात थोडी जास्त राळ. चिकटण्यासाठी बस्तरमध्ये वाळलेल्या गाभ्यावर वालवर्गी वेलाची पाने चोळतात. त्या रसाने माती गुळगुळीत होते, हिरवट पुट बसते आणि मेण धरते. गाभा आधी मेणाच्या पातळ पत्र्याने मढवा, दोरे त्यावर.

प्रश्न : मूर्ती काळी पडली म्हणून चिंचेच्या पाण्यात रात्रभर ठेवली. लखलखीत झाली, पण आठवड्यात खाचांतून हिरवे-पांढरे डाग येऊ लागले. पितळ हलके असेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

पितळाचा दोष नाही. आतल्या भाजलेल्या मातीने चिंचेचे आम्ल शोषून घेतले आणि आता ते हळूहळू बाहेर येते आहे. साध्या पाण्याने पटकन धुवा, तळ वर करून तीन-चार दिवस कडक उन्हात ठेवा. डाग आले की कोरड्या ब्रशने काढा. दोन-तीनदा असे करावे लागेल. पुढे मूर्ती कधीच बुडवू नका. चिंचेचा कोळ ब्रशवर घेऊन वरच्या अंगावर दोन-तीन मिनिटे, लगेच ओल्या फडक्याने पुसणे, लगेच वाळवणे. घासायची पूड खाचांत पांढरी अडकून बसते, ती टाळा. आणि खाचांतला काळेपणा खरे तर राहू द्यावा, नक्षी त्यामुळेच उठून दिसते.

प्रश्न : ही पद्धत मोहेंजोदडोइतकी जुनी म्हणतात. महाराष्ट्रात काही पुरावा आहे का?
– एक वाचक, श्रीरामपूर

तुमच्याच भागात आहे. मोहेंजोदडोची नर्तकी साडेदहा सेंटिमीटरची, मेणाच्याच पद्धतीने ओतलेली. प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 मध्ये रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशी चार धातूची शिल्पे सापडली. मिळून वजन 60 किलोंहून अधिक. तीही मेणपद्धतीचीच, पण भरीव. ढोकऱ्यात सहसा मातीचा गाभा असतो, इथे तो नाही. भरीव ओतकामाला धातू कितीतरी जास्त लागतो, आणि जाड भाग पातळ भागांपेक्षा उशिरा गोठत असल्यामुळे तिथे खळगा पडण्याचा धोकाही मोठा. तमिळनाडूत स्वामीमलैचे स्थपती, म्हणजे परंपरागत मूर्तिकार, आजही भरीव मूर्ती ओततात, तेव्हा जाड भागांना धातू पुरवत राहील अशा ठिकाणी ते नाळा जोडतात.