एपिक फॅन्टसी कादंबरीत लढाया किती असाव्यात आणि पात्रांना किती जागा द्यावी?

लढाई रंगवली की मित्र म्हणतात पात्रं हरवली, पात्रांवर थांबलात तर म्हणतात गोष्ट रेंगाळली, आणि म्हणून तुम्ही प्रमाण विचारताय. प्रमाण वगैरे काही नसतं. लढाईत कुणाला काही ठरवावं लागत नसेल, तर चार पानंही जास्तच.

याच मुद्द्यावरून आमच्या वाचनगटात कडाक्याचा वाद झाला होता. गंगापूर रोडला एकांच्या घरी जमायचो. मी माझ्या कादंबरीतलं वेढ्याचं प्रकरण वाचत होतो. राज्य काल्पनिक, पण डोळ्यांसमोर आपला नाशिकजवळचा, पेठ रोडवरचा रामशेज किल्ला. 1682 मध्ये मुघलांनी त्याला वेढा घातला, शहाबुद्दीन खानाने गडावर मारा करायला उंच लाकडी बुरूज उभारला, तरी गड वर्षानुवर्षं हाती लागेना. वर लोखंडी तोफा नव्हत्या म्हणून लाकडाच्या करून चामड्याने मढवल्या. मुघलांचा इतिहास लिहिणाऱ्या खाफीखानानेही त्या चामडी तोफांची नोंद केली आहे.

माझ्या प्रकरणात ते चामडं कमावणारी एक मुलगी आहे. गडावर बैलांची एकच जोडी उरलीय. कातडं हवं तर बैल मारायचा, आणि बैल गेला तर तटावर दगड कोण ओढणार? ती बैल मारायला सांगते. ओलं कातडं खोडावर ताणते, वादीने आवळते, दाभणाने बोटं सोलून निघतात. तोफेच्या पहिल्याच बाराला शिवण उसवते आणि जवळ उभा असलेला तिचा भाऊ भाजतो. खालून शिड्या लागलेल्या असतात. ती भावाकडे न जाता दुसरी तोफ शिवायला बसते.

इथे एका ज्येष्ठ सरांनी मला थांबवलं. "हाणामारी कमी करा. तिच्या आईच्या आठवणी घाला दोन पानं, म्हणजे पात्र उभं राहील." मी म्हटलं, सर, ती कशी आहे ते दुसरी तोफ शिवायला बसते तेव्हाच कळतं. त्यांना पटलं नाही. मला त्यांचं तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. लढाई म्हणजे पोरासोरांची करमणूक आणि आठवणी म्हणजे साहित्य, ही समजूत आपल्याकडे फार मुरलेली आहे. द्रोणपर्वातला चौदावा दिवस वाचा. सूर्यास्ताआधी जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा आहे. दिवसभर नुसती लढाई चालते, पण ती प्रतिज्ञा माहीत असल्यामुळे आपलं सगळं लक्ष सूर्याकडे. अर्जुनाचं पुत्रदुःख त्या दिवसाच्या प्रत्येक बाणात आहे, त्यासाठी वेगळं पान काढावं लागत नाही.

तेव्हा तुमची लढाई एकाच माणसाच्या नजरेतून लिहून बघा. तट कुठे, दरवाजा कुठे, शत्रू कुठून चढतोय हे आधीच सांगून टाका, म्हणजे ऐन गर्दीत नकाशा समजावत बसावं लागणार नाही. ज्या पानावर त्या माणसाचं काही पणाला लागलेलं नाही, ते खुशाल काढा.

अनेक सैन्यं आणि अनेक नायक असलेल्या मोठ्या मालिकेत एका नजरेवर भागणार नाही, तिथे माणसं बदलावी लागतील. आणि आठवणींशी माझं वैर नाही. लढाईच्या आदल्या रात्री घाला, जखमा बांधताना घाला. शिड्या तटाला लागलेल्या असताना मात्र घालू नका, सांगणारा कितीही ज्येष्ठ असो.