विसरभोळ्या वडिलांशी केअरटेकरला नोंदणी विवाह करायचाय, थांबवता येईल का?

येईल, पण वडिलांना खरंच स्मृतिभ्रंश असेल तर. नुसतं ‘वय झालंय’ हा आक्षेप टिकत नाही. विशेष विवाह कायद्यात (१९५४) नोटीस ३० दिवस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लागते. त्याच मुदतीत कलम ७ खाली हरकत नोंदवून सही करा: वडील वैध संमती देऊ शकत नाहीत. सोबत मानसोपचारतज्ज्ञाचं ताजं प्रमाणपत्र. ‘आज वार कोणता, घर कोणाच्या नावावर’ याची वडिलांनी दिलेली उत्तरं त्यात जशीच्या तशी असली तर उत्तम.

गोम अशी, की हिंदू विधीने लग्न लावलं तर नोटीसच नसते. आणि लग्नापेक्षा बक्षीसपत्रावर (हयातीतच मालमत्ता दुसऱ्याला देऊन टाकण्याचा दस्त) लक्ष ठेवा. घर बहुतेकदा तिथूनच जातं. (हिंदूंचं मृत्युपत्र लग्नाने रद्द होत नाही, पारशी-ख्रिस्त्यांचं होतं.) ज्येष्ठांची हेल्पलाइन: १४५६७.