मुंबईला निघण्याआधी
अगं, सोलापूरचं हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृह गाजवून आता सिनेमात चाललीस, छानच! पण ‘सर एकट्यात ऑडिशन घेतात’ म्हणत मुलीला हॉटेलच्या खोलीपर्यंत सोडून येणारा मॅनेजर असतो ना, त्याला आधी ओळख. २०१७ मध्ये हॉलिवूडचा निर्माता हार्वी वाइनस्टीन याचं लैंगिक छळाचं प्रकरण फुटलं तेव्हा अशाच सोडून येणाऱ्यांची, पैसे देऊन तोंडं बंद करणाऱ्यांची साखळी उघडी पडली. केरळात, मल्याळम सिनेमातल्या बायकांच्या छळाबद्दलचा हेमा समितीचा अहवाल २०१९ ला सरकारला मिळाला, बाहेर यायला २०२४ उजाडलं. (तेही काटछाट करून!)

करार करताना, लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीत कोण आहे, ते बेधडक विचार. युनिट १० माणसांहून लहान असेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. लेखी तक्रारीची मुदत ३ महिने. मेसेज पुसू नकोस.