ब्रेकच्या शोधात: जुन्या फंक-सोल रेकॉर्ड्सबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नोकरीमुळे सध्या न्यू जर्सीत असतो. सुट्टीच्या दिवशी फ्ली मार्केटमध्ये जुन्या रेकॉर्ड्स चाळत बसायचं वेड लागलंय, घरी बीट्स पण बनवतो. विकणारे लोक वाजवून बघू देत नाहीत, मग रेकॉर्डवर चांगला ड्रम ब्रेक आहे की नाही हे कसं ओळखायचं?

उत्तर: नवीन वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. गाणं चालू असताना गाणारा थांबतो, ब्रास थांबतं, गिटार थांबते आणि ड्रमर एकटाच (कधीकधी सोबत बास नाहीतर बोंगो) वाजवत राहतो, तो तुकडा म्हणजे ब्रेक. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्कने हेरलं की नाचणारी पोरं त्या तुकड्यासाठीच थांबलेली असतात, मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन कॉपी दोन टर्नटेबलवर लावून तेवढाच तुकडा लांबवायला सुरुवात केली. ११ ऑगस्ट १९७३ ला १५२० सेजविक अव्हेन्यूला त्याच्या बहिणीने ठेवलेली पार्टी आज हिपहॉपचा वाढदिवस म्हणून साजरी होते. आणि हा हर्क रेकॉर्डवरची लेबलं पाण्यात भिजवून काढून टाकायचा, म्हणजे आपण काय वाजवतोय ते बाजूच्या डीजेला कळू नये!

आता तुमचं. रेकॉर्ड उजेडात तिरकी धरा आणि खाचा बघा. सगळी मंडळी एकदम जोरात वाजवत असतील तिथे खाचा करड्या, फिकट दिसतात आणि वाद्यं कमी झाली की तिथला पट्टा जास्त काळा दिसतो. गाण्याच्या मधेच असा काळा पट्टा दिसला तर तिथे काहीतरी मोकळं झालंय एवढं नक्की, ते ड्रम आहेत की नुसता ऑर्गन हे मात्र वाजवल्याशिवाय कळत नाही. गाण्याच्या सुरुवातीलाही बघायला विसरू नका, द हनी ड्रिपर्सचं १९७३ चं 'इम्पीच द प्रेसिडेंट' सुरूच मुळी ड्रमने होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे बी साईड, म्हणजे रेकॉर्डची मागची बाजू, कधीही सोडू नका. द विन्स्टन्स नावाच्या बँडचं १९६९ चं 'कलर हिम फादर' हे हिट गाणं, त्याला ग्रॅमीही मिळालं, पण आज जग ओळखतं ते त्याच्या मागच्या बाजूचं 'आमेन, ब्रदर', आणि त्यातलेही ग्रेगरी कोलमनने वाजवलेले जेमतेम सहा-सात सेकंद. तेवढ्या चार बारवर (तालाच्या चार आवर्तनांवर) लंडनमधलं 'जंगल' नावाचं अख्खं वेगवान नृत्यसंगीत उभं राहिलं. तुमच्या बाजारात 'कलर हिम फादर'ची ४५ (मिनिटाला ४५ फेरे घेणारी, दोन बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी रेकॉर्ड) दिसली तर सोडू नका, हिट असल्यामुळे ती खूप खपली होती, त्यामुळे अजूनही खिशाला परवडेल अशा भावात मिळू शकते.

आणि एक बॅटरीवर चालणारा छोटा पोर्टेबल टर्नटेबल घ्या हो. "माझ्याच मशीनवर, माझ्याच हेडफोनवर ऐकतो" म्हटलं की बरेच विक्रेते नाही म्हणत नाहीत.

प्रश्न: ओरिजिनल ४५ घ्यावी, रीइश्यू घ्यावी की ब्रेक्सचे एकत्र काढलेले एलपी घ्यावेत? ओरिजिनलच्या किमती बघून घाम फुटतो.

उत्तर: सॅम्पलिंगसाठी (म्हणजे तुकडा कापून आपल्या गाण्यात वापरायला) हवी असेल तर चांगली अधिकृत रीइश्यू, म्हणजे नव्याने काढलेली प्रत, घ्या, उगाच भावनेच्या भरात खिसा रिकामा करू नका. एकत्र काढलेल्यांमध्ये 'अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स' ही मालिका सगळ्यात नावाजलेली, १९८६ ते १९९१ मध्ये पंचवीस भाग आले, लेनी रॉबर्ट्स आणि लू फ्लोरेस यांचं काम, त्या काळच्या बहुतेक प्रोड्युसर्सच्या घरी हे एलपी असायचे. पण त्यातली काही गाणी एडिट केलेली आहेत, 'आमेन, ब्रदर'चा ब्रेक तर त्यात मुद्दाम स्लो केलाय, त्यामुळे त्यावरून मूळ वादन कसं होतं हे ठरवू नका.

ओरिजिनल घेणारच असाल तर एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा. अमेरिकेतल्या बऱ्याच ४५ व्हिनाईलच्या नसून स्टायरीनच्या असायच्या. स्टायरीन कडक असतं, लेबल बहुतेक वेळा वरून चिकटवलेलं असतं आणि नखाने टिचकी मारली तर प्लास्टिकच्या डबीसारखा टकटक आवाज येतो. हा माल फार पटकन झिजतो. रेडिओवाले गाणं बरोबर ठोक्यावर सुरू व्हावं म्हणून सुई ठेवून रेकॉर्ड हाताने पुढे-मागे करायचे, त्याने पहिल्या काही सेकंदांच्या खाचा खरवडल्या जातात आणि तिथे तळल्यासारखा चर्रर्र आवाज राहतो, याला क्यू बर्न म्हणतात. बाकी रेकॉर्ड आरशासारखी असली तरी ब्रेक जर सुरुवातीलाच असेल तर तुम्हाला हवी ती जागाच गेलेली असते. म्हणून ऑनलाईन घेताना "कंडिशन काय" एवढंच विचारू नका, पहिल्या दहा सेकंदांची ऑडिओ क्लिप मागा.

प्रश्न: मी फोनवरून गाणं घेऊन ड्रम कापतो, पण जुन्या हिपहॉपमधल्या ड्रमसारखा जाड, खरखरीत आवाज काही येत नाही. रेकॉर्डच हवी का?

उत्तर: रेकॉर्डने फरक पडतो, पण अर्धी करामत मशीनची होती. १९८७ च्या ई-म्यू एसपी-१२०० या सॅम्पलर मशीनमध्ये सॅम्पलिंगला सगळी मिळून दहा सेकंदं मिळायची, तीही १२ बिट आणि साधारण २६ किलोहर्ट्झवर, म्हणजे आजच्या मानाने ओबडधोबड आवाजात. आता दहा सेकंदात काय काय कोंबणार? मग पोरांनी युक्ती काढली, मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ च्या वेगावर फिरवायची, तो पळणारा आवाज मशीनमध्ये घ्यायचा आणि आत गेल्यावर खालच्या सुरात आणून परत मूळ वेगावर आणायचा. जागा वाचली आणि वर त्या खाली आणण्यात आवाजाला ती खरखर आली जिच्यासाठी लोक आज प्लगइन (कॉम्प्युटरवरची जोड-सॉफ्टवेअर) विकत घेतात. तुम्हीही करून बघा, ब्रेक वर पिच करून कमी बिटमध्ये रेकॉर्ड करा आणि मग खाली आणा.

प्रश्न: इतके लोक हे ब्रेक वापरतात, मग मूळ ड्रमरला पैसे मिळतात का?

उत्तर: बहुतेकांना नाही मिळाले, आणि या छंदातली मला सगळ्यात टोचणारी गोष्ट हीच आहे.

फंक गायक जेम्स ब्राऊनचं 'फंकी ड्रमर' घ्या. नोव्हेंबर १९६९ मध्ये सिनसिनाटीत रेकॉर्ड झालं, ड्रमवर क्लाइड स्टबलफील्ड. त्यातला तो एकटा ड्रमचा तुकडा हेडफोन लावून ऐका, स्नेअरच्या मोठ्या ठोक्यांच्या मधे अगदी हलके, जेमतेम काडी टेकवल्यासारखे ठोके आहेत, ढोलकीवाला मुख्य बोलांच्या मधे बोटांनी जागा भरतो ना, तसं. त्या हलक्या ठोक्यांमुळेच तो ताल चालतो, ते काढले तर नुसती आपटाआपटी उरेल. १९८६ च्या 'इन द जंगल ग्रूव्ह' या एलपीवर त्याची लांब आवृत्ती आली आणि मग ते ड्रम शेकडो गाण्यांत गेले. स्टबलफील्डला मिळाला तो बँडमधल्या नोकरीचा पगार. गाण्यावर लेखक म्हणून नाव ब्राऊनचं, कारण कायद्याच्या नजरेत सूर आणि शब्द म्हणजे रचना, ड्रमर जे रचतो ते बहुतेक वेळा धरलंच जात नाही. २००० च्या सुमाराला त्यांना कॅन्सर झाला तेव्हा सुमारे ९० हजार डॉलरचं हॉस्पिटलचं बिल गायक प्रिन्सने गुपचूप भरलं होतं, प्रिन्स गेल्यावर स्टबलफील्डनी ते सांगितलं. २०१७ मध्ये तेही गेले.

'आमेन, ब्रदर' वाजवणाऱ्या कोलमनचं तर अजून वाईट, २००६ मध्ये अटलांटात अत्यंत हलाखीत वारले. द विन्स्टन्सचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांच्यासाठी २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या डीजे मंडळींनी वर्गणी काढली तेव्हा २४ हजार पौंड जमले, आणि तो त्या सहा सेकंदांचा मोबदला म्हणायचा.

म्हणून माझं सरळ म्हणणं असं की ब्रेक वापरलात तर खाली ड्रमरचं नाव लिहा. वादक हयात असेल तर त्याची स्वतःची रेकॉर्ड, क्लासेस, सॅम्पल पॅक जे काही असेल ते विकत घ्या. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला नाव नसेल तर शोधा, यात लागलेला वेळ मला तरी किमती घासाघीस करण्यापेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

प्रश्न: दोन सेकंदांपर्यंत सॅम्पल फुकट वापरता येतं असं ऐकलंय, खरं का?

उत्तर: नाही, असा कुठलाही नियम नाही. १९९१ च्या रॅपर बिझ मार्कीच्या सॅम्पलिंगच्या केसपासून अमेरिकेत परवानगीशिवाय वापरणं महागात पडू शकतं. बाहेर विकणार असाल तर वकिलाला विचारा.

प्रश्न: मी मुंबईत असते. चोरबाजारात अमेरिकन फंक मिळेल का, की आपल्या हिंदी फिल्मी रेकॉर्ड्समध्येच ब्रेक शोधू?

उत्तर: ताई, तुम्ही सांगितलेला दुसरा पर्यायच धरा. अमेरिकन ४५ इथे नशिबानेच हाती लागतात, पण सत्तरच्या दशकातल्या हिंदी फिल्म एलपींमध्ये, खासकरून टायटल म्युझिक, पाठलाग आणि कॅब्रेच्या तुकड्यांमध्ये, कमालीचे ड्रम आणि बोंगो आहेत. कल्याणजी-आनंदजींच्या असल्याच संगीतावरून अमेरिकन प्रोड्युसर डॅन द ऑटोमेटरने १९९९ मध्ये 'बॉम्बे द हार्ड वे' हा अल्बम काढला. आणि तुमच्यासाठी खरं काम इथेच आहे, कारण आपल्या एलपीच्या कव्हरवर संगीतकार, गीतकार, गायक सगळे असतात आणि ड्रमर जवळपास कधीच नसतो. आर. डी. बर्मनकडे वाजवणारे फ्रँको वाझ निदान जाणकारांना माहीत आहेत, पण गोव्याहून येऊन मुंबईच्या स्टुडिओंत आयुष्य घालवलेल्या कितीतरी वादकांची नावं फक्त त्यांच्या घरच्यांना आणि जुन्या सहकाऱ्यांना ठाऊक आहेत. एखादा तुकडा आवडला तर जुन्या वादकांना, अरेंजरना गाठून विचारा की हे कोणी वाजवलंय, आणि उत्तर मिळालं की कव्हरच्या आत चिठ्ठीवर लिहून ठेवा. मलाही कळवा, पुढच्या अंकात नावासकट छापू.