मालिकेत भूमिका मिळतेय, पण गाणं मागे पडेल का?

तुम्ही लिहिलंय की विशारद झालाय, छोट्या-मोठ्या मैफली करता आणि आता एका मराठी मालिकेत नायिकेच्या बहिणीची भूमिका समोर आहे. घ्यावी का?

घ्या. फक्त 'मालिकेत गायला मिळेल' या आशेवर घेऊ नका.

मी सहा वर्षं मालिकांच्या सेटवर सहायक दिग्दर्शक होतो, बराचसा काळ ठाण्याला घोडबंदर रोडवर. तिथे एक नटी होती, शास्त्रीय शिकलेली. मंगळागौरीचा ट्रॅक, म्हणजे कथानकाचा तो भाग, आला तेव्हा ब्रेकमध्ये तिने सहज एक गाणं म्हटलं. लाइटदादा शिडीवरून उतरून ऐकत उभे राहिले. चॅनेलच्या माणसाने मोबाइलवर रेकॉर्डही केलं, 'हे तूच गा' म्हणाला. प्रत्यक्ष शूटच्या दिवशी पेन ड्राइव्हवर तयार गाणं आलं, दुसऱ्याच गायिकेचं. बाईंनी निमूट ओठ हलवले, आणि छान हलवले. यात कुणाचा डाव नव्हता. गाणं आधी स्टुडिओत तयार व्हावं लागतं आणि तिला त्यासाठी अर्धा दिवस सोडायचा तर आमचे तीन सीन पडत होते.

बाहेर तुम्हाला दिसतं तेही असंच आहे. 'माझा होशील ना'ची नायिका गौतमी देशपांडे स्वतः उत्तम गाते, पण शीर्षकगीताला आवाज होता आर्या आंबेकरचा. पडद्यावर चेहरा आणि गळा वेगळे काढता येतात, म्हणून ते काढले जातात. पार्श्वगायन रुळण्याआधी तशी सोयच नव्हती. शांता आपटे 'कुंकू'त (1937) स्वतःच गायल्या आहेत. संगीत नाटकाच्या रंगभूमीवर मात्र ती सोय अजूनही नाही. कीर्ती शिलेदारांना पदं दुसऱ्याकडून गाऊन घेता आली असती का? म्हणूनच गाणं आणि अभिनय दोन्ही येणाऱ्या मुलींचं खरं काम मला तिकडे दिसतं. नेहा सरगम हिंदी मालिकांतून आली, 2012 च्या 'रामायण'मध्ये सीता होती. पण तिचं गाणं आणि अभिनय एकाच वेळी पाहायचं तर 'मुघल-ए-आझम' या संगीत नाटकातली तिची अनारकली बघावी लागते. 2016 मध्ये ते नाटक आलं, त्यात पात्रं रंगमंचावर प्रत्यक्ष गातात. हीच अनारकली आपल्या प्रियांका बर्वेनेही केलीय. केतकी माटेगावकरची वाट उलटी: आधी टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा, मग सिनेमा. 'टाइमपास'मध्ये (2014) चेहरा तिचा आणि गळाही तिचाच. असं जुळून येतं, पण क्वचित.

आता गळ्याबद्दल, कारण हे कुणी आधी सांगत नाही. शिफ्ट कागदावर बारा तासांची. मेकअप-हेअर धरून घराबाहेर पंधरा. ते शरीर सोसतं. गळा सोसत नाही तो भांडणाचा सीन. आधी मास्टर, म्हणजे अख्खा सीन एकत्र, मग तुमचा क्लोज, समोरच्याचा क्लोज, मग सासूची रिअॅक्शन. तुम्ही फ्रेममध्ये नसलात तरी समोरच्याला क्यू द्यायला, म्हणजे त्याचं वाक्य सुरू करून द्यायला, तीच किंचाळी पुन्हा मारायची. संवाद जागेवरच रेकॉर्ड होतो, त्यामुळे 'नंतर डबिंगला ओरडते' म्हणायची सोय नाही. क्यू देताना मात्र आवाज राखा, कुणी काही म्हणत नाही. पूजेचे सीन तर विचारूच नका. फ्रेम छान दिसावी म्हणून धूप भरपूर, आणि टेकच्या वेळी आवाज नको म्हणून एसी-पंखे बंद. वर सांगितलेली नटी सकाळी मेकअपरूममध्ये मोबाइलवर तानपुरा लावून वीस मिनिटं फक्त खर्ज, म्हणजे खालचे सूर, लावायची. ताना-पलटे सुट्टीच्या दिवशी. दोन वर्षांत तिचा आवाज बसलेला मी पाहिला नाही.

बहिणीची भूमिका आहे ना, मग तुमचं नशीब चांगलं आहे. नायिका महिन्याचे पंचवीस दिवस अडकते, बहिणीला बहुधा दहा-बारा दिवस कॉल असतो. मानधन दिवसावर, म्हणजे पैसे कमी, आणि हातात यायला साधारण तीन महिने लागतात हेही धरून चाला. पण गाणारीला दिवस मोकळे मिळणं पैशापेक्षा महत्त्वाचं, असं माझं तरी मत. हां, ट्रॅक बहिणीवर वळला तर हे गणित बिघडतं. मालिकेत तिचं लग्न ठरलं की समजा दीड महिना गेला.

करारात बाहेरच्या कार्यक्रमांसाठी परवानगी घ्यायची अट असते. सही करण्याआधी 'गायनाच्या मैफली वगळून' एवढे शब्द घालून मागा. नवीन मुलीला प्रॉडक्शनवाले लगेच हो म्हणणार नाहीत, पण मागितल्याने भूमिका जात नाही.

खरी टक्कर होते दिवाळीला. युनिटला चार दिवस सुट्टी द्यायची म्हणून आधीचे दोन-तीन आठवडे जादा एपिसोड काढून बँक करतात, म्हणजे साठवून ठेवतात. दिवाळी पहाटच्या तालमी नेमक्या त्याच आठवड्यांत. तेव्हा पहाटेचं आमंत्रण आलं की त्याच दिवशी तालमीच्या तारखांसकट प्रॉडक्शनला ईमेल टाका. सेटवर चहा पिताना 'दादा, माझं जरा बघा हं' असं मला चिकार जणींनी सांगितलंय. मी मान डोलावली आणि संध्याकाळपर्यंत विसरलो. ज्यांचा ईमेल होता त्यांच्या तारखा शेड्यूलमध्ये लाल करून ठेवाव्याच लागायच्या.