भावाला आत्ताच निघायला सांगा

तुम्ही लिहिलंय, वडिलांना स्वादुपिंडाचा कॅन्सर, केमो थांबवली आहे, किती दिवस उरलेत विचारलं तर डॉक्टर 'नक्की सांगता येत नाही' एवढंच म्हणतात आणि दुबईचा भाऊ विचारतोय, केव्हा निघू? मी पंधरा वर्षं अशा रुग्णांची घरी जाऊन शुश्रूषा करणारी नर्स आहे, म्हणून लिहिते.

डॉक्टर टाळाटाळ करत नाहीयेत हो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या शिकागोच्या एका अभ्यासात ४६८ रुग्ण किती जगतील याचे डॉक्टरांचे अंदाज तपासले, तर जेमतेम २० टक्के बरोबर निघाले. ६३ टक्के वेळा त्यांनी जास्तच दिवस सांगितले होते. रुग्णाशी ओळख जितकी जुनी, तितका अंदाज चुकलेला! माया आड येते, दुसरं काय.

म्हणून तारीख विचारू नका, उतार किती वेगाने लागलाय ते बघा. महिन्यागणिक फरक दिसत असेल तर साधारण महिने हातात असतात, आठवड्यागणिक असेल तर आठवडे, रोज असेल तर दिवस. तुम्हीच लिहिलंय, गेल्या महिन्यात बाबा अंगणात बसायचे, या आठवड्यात संडासला दोघांनी धरून न्यावं लागतं आणि दिवसभर झोपूनच असतात. याचा अर्थ तुम्हाला कळलाय, म्हणूनच विचारताय.

मनगटाची नाडी लागेनाशी होणं, श्वासाबरोबर जबडा हलणं, घशातली घरघर, लघवी जवळजवळ बंद होणं, श्वास थांबून थांबून येणं ही अगदी शेवटची लक्षणं. आपल्याकडची म्हातारी माणसं 'ऊर्ध्व लागला' म्हणतात तेच. ती दिसली की बहुधा तीन दिवसांच्या आतली गोष्ट असते. पण प्रत्येकात सगळी दिसतातच असं नाही, आणि दिसेपर्यंत बोलणं बहुतेक संपलेलं असतं. त्यांची वाट बघून तिकीट काढलं तर भाऊ पोचेल, भेट होणार नाही.

आणखी एक. एका घरी आजोबा चार दिवस ग्लानीत होते. एका सकाळी उठून बसले, पिठलं मागितलं, दोन घास खाल्लेही. मुलाने हरखून तिकीट पुढे ढकललं. तिसऱ्या दिवशी पहाटे गेले. विझताना दिवा मोठा होतो म्हणतात, ते मी बऱ्याचदा पाहिलंय. अशी तरतरी आली तर त्याच क्षणी भावाला व्हिडिओ कॉल लावा, तिकीट मात्र बदलू नका.

जेवणाचा आग्रह नको, गिळता येत नसेल तर ठसका लागतो. ओल्या कापसाने ओठ टिपत राहा.