चालक-सहाय्य प्रणालीवर किती विसंबावे?

तुमच्या पहिल्याच गाडीत चालक-सहाय्य प्रणाली, म्हणजेच ‘अ‍ॅडास’ आहे, म्हणून हे आवर्जून लिहीत आहे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या गाड्यांमधील ही प्रणाली फार तर स्वयंचलनाच्या दुसऱ्या पातळीची असते. म्हणजे स्टिअरिंग आणि ब्रेकला ती हातभार लावते, परंतु रस्त्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी पूर्णपणे चालकाचीच राहते. काचेमागील कॅमेऱ्याला पट्टे दिसले तरच ती लेन राखू शकते, त्यामुळे पट्टे पुसट झालेल्या रस्त्यावर किंवा पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात धुके उतरले की ती काम थांबवते आणि डॅशबोर्डवरील चिन्ह बदललेले आपल्या ध्यानातही येत नाही.

मला सर्वाधिक काळजी वाटते ती रस्त्यात उभ्या असलेल्या वाहनांची. पूल, पाट्या, कठडे अशा स्थिर वस्तूंकडून परतणारे संकेत रडार बऱ्याचदा गाळून टाकते, नाहीतर गाडी पदोपदी ब्रेक मारील; मात्र याच कारणाने, वेगात असताना, लेनमध्ये बंद पडलेला ट्रक तिच्या नजरेतून सुटू शकतो. २०१६ साली फ्लोरिडात ऑटोपायलटवर, म्हणजे टेस्लाच्या अशाच चालक-सहाय्य प्रणालीवर, चाललेली टेस्ला गाडी आडव्या आलेल्या ट्रेलरवर आदळली, तेव्हा ब्रेक ना गाडीने लावला ना चालकाने.

शहरातील गर्दीत लेन-सहाय्य बंदच ठेवा. पुढची काच बदलावी लागली, तर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन (त्याची दिशा पुन्हा अचूक जुळवणे) झाल्याची खात्री केल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.